कीर्तनकाराचं पाकीट

सप्त्यांचे दिवस जवळ आले की जुन्नर-आंबेगावात देवळाच्या ओट्यावर पहिली चर्चा होते ती बुवांच्या तारखेची, आणि पाठोपाठ, आवाज जरा खाली आणून, पाकिटाची. काल्याच्या कीर्तनाला मोठं नाव हवं, मोठ्या नावाला मोठी रक्कम हवी, आणि वर्गणी त्यावरून ठरते. यात सरसकट वावगं आहे असं मी म्हणणार नाही. बुवांच्या गाडीला डिझेल लागतं, मृदंगाचार्यांनाही घरदार आहे.

पण याच जुन्नर तालुक्यात ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. माघ शुद्ध दशमीला तुकोबांना स्वप्नात ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र दिला, ते हेच, असं वारकरी परंपरा मानते. त्यांच्या शिष्याने कीर्तनकाराला घालून दिलेलं पथ्य आज कोणाला झेपेल? जिथे कीर्तन करायचं तिथे जेवायचं नाही. बुक्का लावून घ्यायचा नाही, माळ घालून घ्यायची नाही. बरोबरच्या तट्टा-बैलासाठी दाणावैरणही मागायची नाही. हे पथ्य सांगणारा तुकोबांचा अभंग मंडपात भक्तिभावाने म्हटला जातो आणि नंतर नारळ, शाल, पाकीट रीतसर दिलं जातं.

तुकोबांचं हे म्हणणं मनावर घेणाऱ्यांत एक ख्रिस्ती धर्मोपदेशक होता, हे कमी लोकांना ठाऊक असतं. नारायण वामन टिळक. (लोकमान्यांशी घोटाळा नको, ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता ज्यांची, ते हे.) जन्म 1861चा, कोकणातला, चित्पावन घरातला. 1893 साली नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा रंगल्या, त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून टाकलं. टिळक त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. 10 फेब्रुवारी 1895ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो प्रवासी कोण, हे त्यांना कधीच कळलं नाही. भाकीत खरं ठरल्याचं श्रेय घ्यायलाही तो पुन्हा आला नाही.

धर्म बदलला, पण तुकोबा सुटले नाहीत. आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो ते तुकारामांच्या पुलावरून, असं टिळक उघड सांगत. नगरच्या अमेरिकन मिशनमध्ये राहून त्यांनी ख्रिस्ताचे अभंग रचले, भजन-कीर्तनातून उपदेश केला. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची पदं गातात. टाळ-वीणा घेऊन गावात गेलेला माणूस ऐकणाऱ्याला परका वाटत नाही, हा त्यांचा अनुभव होता.

परका वाटत होता तो पगार. प्रचारकाला मिशन पैसे देतं, म्हणून तो बोलतो, असं गावकरी म्हणत, आणि त्यांना खोटं पाडायला टिळकांकडे काय होतं? ते स्वतः मिशनचे पगारी नोकरच होते. 1917 साली त्यांनी ते वेतन सोडलं, संन्याशाची वस्त्रं घेतली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. दुसरं कोणी असतं तर पगार ठेवून संन्यासावर व्याख्यानं दिली असती. टिळकांना पुढे फार दिवस मिळाले नाहीत. 9 मे 1919ला ते मुंबईत वारले.

इथे थांबलं तर टिळकांचा छान पुतळा होतो. पण पगार सोडला की घरात काय होतं, हे संन्याशाला विचारून कळत नाही. त्यांच्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना विचारावं लागतं. बाप्तिस्म्याची बातमी आली तेव्हा त्या कडक सोवळ्यात वाढलेल्या, पदरी लहान मुलगा असलेल्या बाई होत्या. काही वर्षं नवऱ्यापासून दूर राहिल्या, मग त्याच्याकडे आल्या आणि 1900मध्ये स्वतः विचार करून ख्रिस्ती झाल्या. टिळकांचा मोकळा हात, त्यांचा तापटपणा, खिशात पैसा न टिकणं, सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहिलं, हसत हसत लिहिलं, पण सोडलं काही नाही. शाळेची पायरी फारशी न चढलेल्या या बाईने पुढे ख्रिस्तावर कीर्तनंही केली, आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पूर्ण केलं.

टिळकांचा त्याग यामुळे लहान होत नाही. त्याची अर्धी किंमत कोणी भरली, एवढंच कळतं. आपल्या मंडपात तुकोबांच्या वैराग्याची गोष्ट रंगली की त्यांच्या बायकोवर, आवलीवर हमखास हशा पिकतो: कजाग, नवऱ्याच्या देवावर चिडलेली. इंद्रायणीत अभंगांच्या वह्या गेल्या, दुकान बुडालं, दुष्काळात घरात दाणा नव्हता, त्या दिवसांत चूल कोण पेटवत होतं? लक्ष्मीबाईंसारखं पुस्तक आवलीने लिहिलेलं नाही. तिची बाजू आपल्याला बुवा सांगतील तेवढीच कळते.