बाळंतिणीचे अश्रू आणि पतीचे वचन

मंडळीत बाळ जन्मले की आपण उपकारस्तुती करतो, महिला मंडळ घरभेटीस जाते. तेथे बाळंतीण रडत बसलेली दिसली, तर कोणीतरी म्हणतेच, "देवाने एवढे दिले, आणि रडतेस?" तिचे रडणे हा अविश्वास आहे, असा ठपका त्या प्रश्नात असतो. तो शास्त्राला धरून नाही, असे आम्हांस वाटते.

पहिले शमुवेल, अध्याय ४ पाहा. देवाचा कोश शत्रूंनी नेला, सासरा व नवरा मेले, ही वार्ता ऐकताच फिनहासाच्या बायकोला वेणा सुरू झाल्या. जवळच्या बायांनी धीर दिला, की भिऊ नकोस, मुलगा झाला आहे. तिने उत्तर दिले नाही, तिकडे लक्षही दिले नाही. शास्त्र तिला दोष देत नाही. त्या बाया प्रेमळच होत्या. पण मुलगा झाला म्हणजे सारे भरून आले, हा हिशेब तिला लागू पडेना. मरता मरता तिने बाळाचे नाव ईखाबोद ठेवले.

तिला पती उरला नव्हता. ज्यांना आहे, त्यांचे काय? गोव्यातील मातांची गरोदरपणापासून केलेली एक पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा २३ माता नैराश्याने आजारी आढळल्या. त्यांतील बहुतेकींचे मन गरोदरपणीच खचलेले होते. निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही बऱ्या नव्हत्या. कारणांत गरिबी होती, तसेच नवराबायकोचे बिघडलेले संबंधही होते.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. रीत चांगली, तिला विसावा मिळतो. पण पुष्कळ पती ते महिने आपली सुट्टी समजतात. (हा शब्द आमचा नव्हे, ऐकलेला आहे.) आजारपणातही सांभाळीन, असे वचन ज्याने मंडळीसमोर दिले, त्याला ते सासूबाईंच्या नावे करून देण्याची सोय नाही.

कोणी म्हणेल, पुरुषाला त्यातले काय कळते? जेवलीस का, झोप लागली का, हे विचारून उत्तर येईपर्यंत थांबणे त्याला जमते. रात्री बाळ घेऊन बसणे जमते. पहिल्या काही दिवसांचे रडू बहुधा आपोआप ओसरते. दोन आठवडे उलटूनही उदासी गेली नाही, तर तिला डॉक्टरांकडे नेणे हे त्याचेच काम. जीव नकोसा झाला असे ती म्हणाली, तर त्याच दिवशी न्यावे, आणि तोवर तिला एकटे सोडू नये. प्रार्थना अवश्य करावी. मधुमेहासाठी प्रार्थना करणारे आपण गोळीही घेतोच.

घरभेटीस जाणाऱ्या पाळकांना व वडीलजनांना एक विनंती. बाळाला आशीर्वाद दिला की आपला पाय निघतो. त्याआधी बाळ थोडा वेळ बापाच्या हाती द्यावे, पाळकीणबाईंनी आईपाशी बसावे, आणि प्रार्थना कशासाठी करायची, ते तिलाच विचारावे.