बदली खेळाडू नसताना

2014 च्या विश्वचषकाच्या फायनलमध्ये, रिओच्या माराकाना मैदानावर, जर्मनीचा क्रिस्टोफ क्रामर पंचांजवळ गेला आणि त्यानं विचारलं, ही फायनलच आहे ना? निकोला रिझोली या इटालियन पंचांना आधी वाटलं, पोरगा थट्टा करतोय. त्यांनी पुन्हा विचारलं, तरी प्रश्न तोच. सतराव्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या गारायचा खांदा क्रामरच्या तोंडावर आदळला होता. उपचार झाले, क्रामर उठला आणि खेळू लागला. जवळजवळ पाव तास तो फुटबॉलमधला सर्वांत मोठा सामना खेळत होता आणि आपण कुठं आहोत याचा त्याला पत्ता नव्हता. रिझोलींनी ही गोष्ट जर्मनीच्याच श्वाइनस्टायगरच्या कानावर घातली, तेव्हा कुठं त्याला बाहेर काढलं.

क्रामरचं नाव त्या दिवशी मुळात पहिल्या अकराजणांत नव्हतंच. सामन्याआधी सराव करताना सामी खेदिराची पोटरी धरली, म्हणून ऐनवेळी याला उभं केलं. तेवीस वर्षांचा मुलगा, समोर फायनल. डोकं गरगरतंय असं तो कशाला सांगेल? आणि सांगायचं म्हटलं तरी सांगणार कोण? ज्या मेंदूला मार बसलाय त्यालाच विचारायचं, की बाबा रे, तू ठीक आहेस ना?

त्याच सामन्यात, जादा वेळात, अग्वेरोचा हात लागून श्वाइनस्टायगरच्या डोळ्याखाली फाटलं. रेषेबाहेर त्याची जखम शिवली आणि तो परत आत आला. त्या रात्रीचा फोटो म्हणून हाच रक्ताळलेला चेहरा छापला गेला. क्रामरचा किस्सा मात्र हसण्यावारी गेला. दोघांत जास्त धोक्यात कोण होतं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पण रक्त कॅमेऱ्याला दिसतं. 1989 मध्ये स्टॉकहोमला इंग्लंडच्या टेरी बुचरचं कपाळ फुटलं, पट्टी बांधून तो खेळत राहिला, चेंडू डोक्यानं मारत राहिला आणि पांढरा शर्ट लालभडक झाला. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. तो सामना कसा झाला हे आज कुणाला आठवत नाही, शर्ट आठवतो.

आणि हो, क्रामरच्या जागी जो आला तो आंद्रे शुर्ले. 113 व्या मिनिटाला डावीकडून शुर्लेनंच चेंडू दिला, गोत्झेनं गोल केला आणि जर्मनीनं विश्वचषक उचलला. जायबंदी माणसानं हट्ट न करता बाहेर जाण्याचा असा रोकडा फायदा क्वचितच दिसतो. त्याचे पोवाडे मात्र कुणी गात नाही.

पोवाडे गायचे तर ट्राउटमनचे. बर्ट ट्राउटमन हा ब्रेमेनचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा छत्रीधारी सैनिक, रशियाच्या आघाडीवर लढलेला, ‘आयर्न क्रॉस’ मिळवलेला. युद्धकैदी म्हणून लँकाशायरच्या छावणीत आला आणि सुटका झाल्यावर तिथंच राहिला. 1949 मध्ये मँचेस्टर सिटीनं त्याला गोलकीपर म्हणून घेतलं, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते. 5 मे 1956 ला वेम्ब्लीवर एफए कपची फायनल, बर्मिंगहॅम सिटीविरुद्ध. मँचेस्टर सिटी 3-1 नं पुढं. शेवटची सतरा-अठरा मिनिटं उरलेली असताना बर्मिंगहॅमच्या मर्फीच्या पायांवर त्यानं झेप घेतली, चेंडू धरला आणि मर्फीचा गुडघा त्याच्या मानेवर बसला. ट्राउटमन निपचित पडला. शुद्धीवर आला, खांबाला धरून उभा राहिला आणि सामना संपेपर्यंत गोल राखत राहिला. नंतर तो सांगायचा, की धुक्यात खेळल्यासारखं वाटत होतं, समोरचं धड दिसतही नव्हतं. पदक घेताना त्याची मान वाकडी झालेली राजघराण्याच्याही लक्षात आली. मान लचकलीय म्हणून त्याला घरी पाठवलं. काही दिवसांनी मँचेस्टरमध्ये एक्स-रे काढला, तेव्हा कळलं की मानेचे पाच मणके सरकलेत, त्यातल्या दुसऱ्या मणक्याचे दोन तुकडे झालेत आणि तिसरा त्याला पाचरीसारखा अडकून बसलाय. ती पाचर बसली म्हणून माणूस जगला.

त्याच हंगामात इंग्लंडच्या फुटबॉल पत्रकारांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं होतं. म्हणजे तो मोठा गोलकीपर होताच. पण आज त्याचं नाव काढलं की लोक मानच सांगतात. शत्रूच्या सैन्यातला माणूस आपला झाला, यावर जणू त्या मोडक्या मानेनं शिक्का मारला. एखाद्याला आपल्यात घ्यायला त्याच्या दुखण्याची पावती का लागावी, हा प्रश्न मला त्या गोष्टीत नेहमी सलतो.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. शौर्य म्हणायला माणसाला समोरचं संकट कळलेलं असावं लागतं आणि मागं फिरायला वाट असावी लागते. ट्राउटमनकडं दोन्ही नव्हतं. मान मोडलीय हे त्याला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तो खेळला असता का, हे आपण त्याच्या वतीनं ठरवू शकत नाही. आणि वाट तर नियमानंच बंद केलेली होती, कारण तेव्हा इंग्लिश फुटबॉलमध्ये बदली खेळाडूच नसे. एक पडला की दहाजणांनी रेटायचं. गोलकीपर पडला तर कुणातरी बॅकनं हातमोजे घालायचे. मागं फिरणं म्हणजे आपल्याच दहा गड्यांना तोंडघशी पाडणं. अशा वेळी उभं राहणाऱ्या माणसाला मी कमी लेखत नाही. पण ज्या नियमानं त्याला उभं केलं, त्याकडं टाळ्यांच्या गजरात कुणाचं लक्ष जात नाही, एवढंच म्हणतोय.

पुढच्याच वर्षी त्याच मैदानावर हे अधिक भेसूर झालं. 1957 च्या फायनलमध्ये सहाव्या मिनिटाला अ‍ॅस्टन व्हिलाचा मॅकपारलंड मँचेस्टर युनायटेडच्या गोलकीपरला, रे वूडला, धडकला आणि वूडच्या गालाचं हाड मोडलं. गोलमध्ये उभा राहिला जॅकी ब्लँचफ्लॉवर, जो मुळात बचावपटू. थोड्या वेळानं वूड परत आला आणि कडेला नुसता फिरत राहिला, निदान प्रतिस्पर्ध्याचा एक माणूस अडकून राहावा म्हणून. मॅकपारलंडनं दोन गोल केले, युनायटेड 2-1 नं हरली. 1959 मध्ये रॉय ड्वाइटचा पाय मोडला, 1960 मध्ये डेव्ह व्हेलनचा. दोन्ही वेम्ब्लीवर, दोन्ही फायनलमध्ये. बदली खेळाडू असावा अशी ओरड व्हायची आणि उत्तर ठरलेलं असायचं: मग लोक खोटी दुखापत दाखवतील. इंग्लिश लीगमध्ये पहिला बदली खेळाडू उतरला तो ऑगस्ट 1965 मध्ये. तोही फक्त कुणी जायबंदी झाला तरच.

विश्वचषकात तर त्यासाठी 1970 उजाडावं लागलं. त्याआधी, 1962 मध्ये चिलीत, चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध पेलेच्या जांघेतला स्नायू तुटला. बदली नाही, म्हणून तो लंगडत कडेला थांबला. चेंडू त्याच्याकडं यायचा तेव्हा चेकोस्लोव्हाकियाचा मासोपुस्त समोर यायचा आणि थांबायचा. पाय घालायचा नाही, पेले काय करतो याची वाट पाहायचा. इतर चेक खेळाडूंनीही तेच केलं. पेले हे आयुष्यभर कृतज्ञतेनं सांगत राहिला. जखमी खेळाडूंच्या साऱ्या कथांमध्ये मला हीच सर्वांत थोर वाटते आणि तिचा नायक जखमी माणूस नाही. नियमात जी सोय नव्हती ती या लोकांनी स्वतःच्या वागण्यात करून ठेवली. त्या स्पर्धेची फायनल ते ब्राझीलकडूनच हरले, पण त्याचा इथं संबंध नाही.

प्रेक्षकाला दुखणं बाहेरून ओळखता येतं, हा आपला आणखी एक भ्रम. कोल्हापुरात फुटबॉल संघांची नावंच पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम अशी. खेळ तालमीच्या मातीतून आलेला, त्यामुळं पोरगं पडलं की गॅलरीतून ‘काय झालं न्हाई, ऊठ!’ अशी हाळी येणारच. त्यात माया असते, जरबही असते. पण गॅलरीला काय कळतं? 2018 च्या विश्वचषकात नेमारच्या लोळण्यावर साऱ्या जगानं विनोद केले आणि तो थोडा नाटकी आहे हे खरंच. पण चारच वर्षांपूर्वी कोलंबियाविरुद्ध झुनिगाचा गुडघा पाठीत बसला तेव्हा याच नेमारचा मणका मोडला होता. पंचांनी झुनिगाला पिवळं कार्डही दाखवलं नव्हतं. खोटं कळवळणं आणि खरं सोसणं यांतला फरक वीस मीटरवरून पंचाला कळत नाही. टीव्हीसमोर बसलेल्या मला तर मुळीच कळत नाही.

बदली खेळाडू आले, पण सोसणं थांबलं नाही. त्यानं जागा बदलली. पूर्वी नियम अडवायचा, आता इंजेक्शन, करार आणि पुढच्या रविवारचा सामना अडवतात. गाब्रिएल बातिस्तुता आठवा. फिओरेंतिनासाठी वर्षानुवर्षं गोल ओतणारा, रोमाला 2001 मध्ये इटलीचं विजेतेपद मिळवून देणारा, लांब केसांचा देखणा अर्जेंटिनी. 2005 मध्ये तो निवृत्त झाला आणि एका रात्रीत चालता येईना. घोटे गेलेले. संडास तीन मीटरवर, पण उठून जाण्यापेक्षा अंथरूण ओलं झालेलं परवडलं, असं त्यानं स्वतः सांगितलंय. तो डॉक्टरांकडं गेला आणि म्हणाला, माझे पाय कापून टाका. डॉक्टरांनी ऐकलं नाही म्हणून पाय राहिले. बूट घालून मैदानात उतरताना तो काय सोसत होता, हे आपण पाहिलं आणि वाहवा केली. या अंथरुणाशी टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

इथवर येऊन मी सरळ निकाल देऊन मोकळा झालो असतो, पण मध्ये जकार्ता येतं. 1962 च्या आशियाई खेळांत भारताचा सेंटर हाफ जर्नेलसिंग थायलंडविरुद्ध डोकं फुटून बाहेर पडला, सहा टाके. उपांत्य सामन्यात प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला बचावात न ठेवता चक्क सेंटर फॉरवर्ड म्हणून पुढं पाठवलं. त्यानं तिथं गोल केला. 4 सप्टेंबरला फायनल, समोर दक्षिण कोरिया, आणि भारतावर चिडलेलं खचाखच भरलेलं स्टेडियम. पी. के. बॅनर्जींनी एक, टाक्यांच्या डोक्याच्या जर्नेलनं दुसरा, भारत 2-1. खुद्द रहीमसाहेबांना कर्करोग झालेला होता. पुढच्या जूनमध्ये ते गेले. त्यानंतर आशियाई खेळांत भारताला फुटबॉलचं सुवर्ण मिळालेलं नाही.

त्या पदकाचा मला अभिमान आहे. आणि डोक्याला ताजे टाके असलेल्या मुलाला आज कुणी प्रशिक्षक मैदानात उतरवू लागला, तर त्याला तिथंच अडवावं असंही मला वाटतं. या दोन वाटण्यांचा मेळ मला घालता आलेला नाही. जर्नेलनं ते स्वेच्छेनं केलं असं म्हणावं, तर चिडलेल्या लाखभर लोकांसमोर, आजारी गुरूनं सांगितल्यावर, देशाचा शर्ट अंगात असताना स्वेच्छा किती उरते?

मेंदूच्या बाबतीत तरी हा घोळ मिटायला हवा होता. वेस्ट ब्रॉमिचचा जेफ अ‍ॅस्टल, डोक्यानं गोल करणारा नामी सेंटर फॉरवर्ड, 2002 मध्ये 59 व्या वर्षी स्मृतिभ्रंशानं गेला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं कारण नोंदवलं: धंद्यातून जडलेला आजार. 2019 मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंचे मृत्यू तपासले, तेव्हा मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांच्या साडेतीनपट निघालं. पुढच्या अभ्यासात बचावपटूंना धोका सर्वांत जास्त आणि गोलकीपरना साधारण इतर लोकांइतकाच, असं दिसलं. धंद्यातला आजार म्हटलं की खेळाडू कामगार ठरतो. मग सारा देखावाच बदलतो. गिरणीत पट्ट्यात हात सापडलेल्या माणसानं फडकं गुंडाळून पाळी पुरी केली, तर आपण मुकादमाला जाब विचारू. त्या माणसाचं पोस्टर छापणार नाही.

2014 च्याच विश्वचषकात उरुग्वेचा अल्वारो परेरा इंग्लंडविरुद्ध स्टर्लिंगचा गुडघा डोक्याला लागून बेशुद्ध पडला होता. डॉक्टरांनी बदली खेळाडूसाठी खूण केली. परेरा उठला, डॉक्टरांवरच खेकसला आणि परत मैदानात गेला. डॉक्टर बघत राहिले. त्या वर्षी अशा प्रसंगी खेळ तीन मिनिटं थांबवायची सोय झाली. पुढं डोक्याच्या दुखापतीसाठी जादा बदली खेळाडूची मुभा आधी प्रयोग म्हणून आणि 2024 मध्ये नियमांत आली. पण ती कायमची बदली. एकदा बाहेर गेलेला परत येत नाही, त्यामुळं फायनलच्या सतराव्या मिनिटाला ती खूण करायला डॉक्टरचा हात जड होणार. रग्बीत खेळाडूला दहा-बारा मिनिटं आत नेऊन नीट तपासतात, तोवर दुसरा खेळतो, सगळं ठीक असेल तर पहिला परत येतो. फुटबॉलपटूंच्या संघटनेनं आणि काही मोठ्या लीगांनी हेच मागितलं. नियम करणाऱ्या मंडळानं 2023 मध्ये प्रयोगालाही नकार दिला. या तात्पुरत्या बदलीवर एक आक्षेप हमखास घेतला जातो, तो म्हणजे प्रशिक्षक तिचा गैरफायदा घेतील.

घेतीलही. 1965 च्या आधी हेच म्हणत होते. जायबंदी खेळाडूसाठी आलेली ती एक बदली थोड्याच काळात लीगमध्ये कुठल्याही कारणासाठी खुली झाली. आज एका सामन्यात पाच-पाच बदलतात, त्यातले दोन तरी शेवटच्या मिनिटांत वेळ काढायला, डुलत डुलत बाहेर येतात, आणि खेळ काही बुडालेला नाही.