प्रशिक्षक कोण, हा दुसरा प्रश्न

जयपुरात चहाची टपरी म्हणजे थडी. आयपीएलच्या दिवसांत शहरातल्या थड्यांवर राजस्थान रॉयल्सचा नवा प्रशिक्षक सकाळी नेमला जातो आणि रात्रीच्या सामन्यानंतर काढलाही जातो. फुटबॉलच्या जगात हा उद्योग जुना. 2013 साली ॲलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाल्यापासून मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना पुढचा मॅनेजर कोण, या चर्चेतून उसंत मिळालेली नाही. आपल्याकडे क्रिकेटमधला जमाखर्च कर्णधाराच्या नावावर मांडायची रीत होती. फ्रँचायझी आल्या आणि डगआऊटमध्ये वही घेऊन बसलेला माणूसही आरोपीच्या पिंजऱ्यात आला.

30 ऑगस्ट 2025 ला राहुल द्रविड रॉयल्समधून बाहेर पडल्याचं जाहीर झालं, तेव्हा ही चर्चा ऐन रंगात आली. मराठी घरातला हा माणूस 2024 च्या जूनमध्ये भारताला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून देऊन आला होता. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याच्या एकमेव हंगामात रॉयल्सने 14 पैकी 4 सामने जिंकले आणि संघ नववा आला. त्या घसरगुंडीत दिल्लीविरुद्धचा सामना बरोबरीत सुटून सुपर ओव्हरमध्ये गेला. लखनौविरुद्ध जयपुरात शेवटच्या षटकात 9 धावा हव्या होत्या, आवेश खानने त्या होऊ दिल्या नाहीत आणि 2 धावांनी हार झाली. कोलकात्याविरुद्ध तर एकाच धावेने. हे तिन्ही सामने उलटे फिरले असते तर खात्यावर 14 गुण असते आणि संघ पाचव्या क्रमांकावर असता. द्रविड तोच, वही तीच. पण थडीवर त्याचं नाव आदराने निघालं असतं.

याचा अर्थ प्रशिक्षकाची काही चूक नव्हती, असा नाही. दिल्लीच्या त्या सुपर ओव्हरला हेटमायर आणि रियान पराग आधी उतरले; त्याच सामन्यात 28 चेंडूंत 51 करणारा नितीश राणा बसून राहिला. यावर चाहते चिडले, ते रास्तच होतं. पण हा निर्णय कुणाचा? प्रशिक्षकाचा, कर्णधाराचा की टीम मॅनेजमेंट नावाच्या त्या निराकाराचा? मोठ्या लिलावाआधी बटलर, बोल्ट, चहल आणि अश्विन सोडले गेले. तेव्हा द्रविड पदावर होता, कुमार संगकाराही क्रिकेट संचालक म्हणून होता, कर्णधार संजू सॅमसन होता आणि वर मालक होते. बटलरने पुढे गुजरातकडून पाचशेवर धावा केल्या. हा खड्डा कुणी खणला, हे बाहेरच्या माणसाला कधीच नेमकं कळणार नाही. म्हणून मला वाटतं, नाव ठरवण्याआधी एक साधी विचारणा हवी: येणाऱ्याच्या हातात काय देणार?

रॉयल्सचा स्वतःचा इतिहास याला साक्ष आहे. 2008 साली 6.7 कोटी डॉलरला विकला गेलेला हा सर्वांत स्वस्त संघ होता. शेन वॉर्न त्याचा कर्णधारही होता आणि प्रशिक्षकही. पहिल्याच सामन्यात दिल्लीने 9 गडी राखून धुव्वा उडवला. तरीही कुणी त्याला बाजूला केलं नाही, कारण बाजूला करणारा दुसरा अधिकारी मैदानाजवळ नव्हताच. वॉर्नने जडेजा, युसुफ पठाण या पोरांवर विश्वास टाकला. गोव्याच्या स्वप्निल अस्नोडकरला ग्रॅमी स्मिथबरोबर सलामीला धाडलं. 1 जूनला नवी मुंबईत चेन्नईविरुद्ध शेवटच्या चेंडूवर चषक हाती आला. आजही चाहत्याला हवा असतो तो वॉर्नच. नावं संगकारा, द्रविड किंवा आणखी कुणाची घेतली तरी. पण पहिल्या वर्षी सगळेच संघ चाचपडत होते, हे या आठवणीत कुठेच नसतं. आणि वॉर्नला मिळालेला अधिकार तर त्याहून पूर्ण विसरला जातो.

अधिकाराशिवाय नुसतं नाव मिरवणं म्हणजे काय, हे 2019 मध्ये आपल्या अजिंक्य रहाणेने भोगलं. हंगामाच्या मध्यावर त्याचं कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथला दिलं. दोनच दिवसांनी, 22 एप्रिलला, जयपूरच्या मैदानावर रहाणेने दिल्लीविरुद्ध नाबाद 105 केल्या. संघ तरीही हरला. स्मिथ मायदेशी परतल्यावर कर्णधारपद पुन्हा रहाणेकडे आलं. खुर्ची अशी फिरवून काय साधलं, हे मला आजतागायत उमगलेलं नाही.

चाहत्याची अडचण त्याहून वेगळी. बार्सिलोनाच्या सभासदाला निदान अध्यक्ष निवडायला मत आहे. रॉयल्सच्या चाहत्याकडे तिकीट आणि गुलाबी जर्सी. घरचे सामनेही पूर्ण त्याचे नाहीत: कधी काळी ते अहमदाबादला गेले, अलीकडे काही गुवाहाटीला जातात. जयपूरच्या फुटबॉलची गत आणखी वाईट. राजस्थान युनायटेडने 2022 च्या ड्युरँड चषकात मोहन बागानला 3-2 असं हरवलं, आणि त्याच मोसमात आय-लीगचे आपले 'घरचे' सामने त्याला दिल्लीत खेळावे लागले. तिथे प्रशिक्षक कोण, या वादाला पुरेशी गर्दी जमणार कुठून? ज्याला मत नाही तो वादच घालणार, आणि वाद घालायला नाव लागतं. लिलावाचं गणित किंवा करारातली कलमं चहाबरोबर चघळता येत नाहीत. शिवाय खेळाडू तीन वर्षांत पांगतात, मालकांचे हिस्से बदलतात. 2008 पासूनचा हिशेब डोक्यात घेऊन फिरणारा चाहता तेवढा टिकून राहतो. त्याला उथळ म्हणून हसणं मला पटत नाही. त्याचा प्रश्न चुकीच्या दारावर पोचतो, इतकंच.

द्रविडला जाताना फ्रँचायझीने आणखी व्यापक पद देऊ केलं होतं, ते त्याने घेतलं नाही. कंपनीच्या भाषेत ती बढती असेल. पण संघ निवडायचा नाही, डगआऊटमध्ये बसायचं नाही, तर व्यापक कसलं? नोव्हेंबर 2025 मध्ये संगकाराला संचालकपदावर ठेवूनच मुख्य प्रशिक्षक केलं गेलं. त्याच सुमारास सॅमसन चेन्नईला गेला आणि बदल्यात सॅम करनसह जडेजा परत आला, वॉर्नच्या संघातला तोच पोरगा. मला या दोन्ही बातम्यांत पहिली महत्त्वाची वाटते. पदं दोन आणि माणूस एक, म्हणजे यापुढे संघ कोसळला तर संचालकाने प्रशिक्षकाकडे बोट दाखवायची सोय उरली नाही. जयपुरात मात्र बोलणं लगेच पुढे सरकलं: प्रशिक्षक ठरला, आता कर्णधार कोण?