ॲप उडवलंस, खातं कोण मिटवणार?

काय म्हणालास? "मॅडम, ते खातं मी कधीच बंद केलंय"? बंद केलंस, की मोबाइलवरून नुसतं ॲप उडवलंस? मग काल रात्री तुझ्याच नावाने, तुझा सातवीतला फोटो लावून, आत्याला "अर्जंट पाच हजार पाठव" असा मेसेज कुणी केला? बिचारीने पाठवलेसुद्धा. आता काखा वर करू नकोस.

जन्मसाल खोटं टाकून खातं उघडायची अक्कल सहावीतच आली होती. मिटवायचं म्हटलं की विसर पडतो! फेसबुकचंच घे. 'डीॲक्टिव्हेट' केलं की खातं नुसतं झाकलं जातं. 'डिलीट' केलं आणि पुढचे ३० दिवस लॉगिन केलं नाही, तरच ते जातं. एवढं वाचायचेही कष्ट नकोत?

आणि पासवर्ड? स्वतःचं नाव, पुढे एक-दोन-तीन, सगळीकडे तोच! २०१३ साली याहूच्या खात्यांची माहिती चोरीला गेली. सगळीच्या सगळी ३ अब्ज खाती त्यात होती, हे जगाला कळायला २०१७ उजाडलं. एका ठिकाणचा पासवर्ड फुटला की चोर तोच दहा ठिकाणी लावून बघतो. ज्या खात्याकडे मालकच फिरकत नाही, तिथे त्याला अडवणार कोण?

जुनं सिमही फेकलंस ना? बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. मग तुझा ओटीपी त्याच्या मोबाइलवर!

"कंपनीच कधीतरी काढून टाकेल" म्हणे! दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल काढून टाकू शकतं, खरं आहे. पण तोवर चोराला रान मोकळं, आणि खातं गेलं की तुझे फोटोही गेले.

आज घरी जाऊन ईमेलमध्ये 'वेलकम' आणि 'व्हेरिफाय' हे शब्द शोध. कुठे कुठे नाव नोंदवून ठेवलंयस ते बाहेर येईल. प्रत्येक ठिकाणी आधी पासवर्ड बदल, हवे ते फोटो उतरवून घे, कार्ड आणि जुना नंबर काढ, मगच खातं डिलीट कर. सोमवारी वहीत यादी हवी: कुठली मिटवली, कुठली मिटत नाहीत आणि का. रिकाम्या हाताने आलास, तर वर्गात पाऊल ठेवायचं नाही.