सायकलवरून उतरावे कधी?



रविवारच्या वंदनेनंतर चहा घेताना आपल्या विहारातल्या एका ज्येष्ठ काकांनी मला विचारले, "आठ दिवस रजा काढून डोंगरात सायकल चालवलीस म्हणे. त्यातून समाजाला काय मिळाले?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरोखरची उत्सुकता होती. मी हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. तुम्हालाही तो कधी ना कधी पडला असेल. गावाकडे आपली माणसे अजून झगडत असताना, इथे आपण निव्वळ आनंदासाठी वेळ आणि पैसा खर्च करावा का?

या प्रश्नाचा विचार मी त्या डोंगरातच करत होतो, म्हणून आधी तिथे घेऊन जातो.

कोलोरॅडोतले लेडव्हिल हे गाव दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. तिथून दक्षिणेला ट्विन लेक्सपर्यंत उतार लागतो आणि मग इंडिपेन्डन्स पासचा घाट सुरू होतो. खिंडीची उंची १२,०९५ फूट. हिवाळ्यात बर्फामुळे हा रस्ता बंद असतो, उन्हाळ्याच्या तोंडावर उघडतो. सुरुवातीला दोन्ही बाजूंना लॉजपोल पाइनची दाट झाडी. सरळसोट, बारीक खोडे, आणि ऊन पडले की राळेचा वास. या पाइनची बरीच फळे राळेने घट्ट बंद असतात. वणव्याची धग लागल्यावरच ती उघडतात आणि बी जमिनीवर पडते. वर जावे तसे पाइन मागे राहतात, स्प्रूस येतात, मग झाडेच संपतात. हवा इतकी विरळ की प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच प्राणवायू मिळतो. माझ्यासारखा दिवसभर स्क्रीनसमोर बसणारा माणूस तिथे ताशी चार-पाच मैलांवर येतो. मोटारी निघून जातात आणि आपण आपल्या श्वासाबरोबर एकटे उरतो. आनापानाचे शिबिर मी दोनदा केले आहे, पण श्वासाकडे इतके लक्ष माझे कधी नव्हते.

खिंडीचे नाव स्वातंत्र्याचे आहे, पण हे डोंगर मूळचे यूट लोकांचे. १८८१ साली त्यांच्यातल्या बहुसंख्यांना कोलोरॅडोतून हुसकावून यूटामध्ये पाठवले गेले. ज्या वाटेवर मी मोकळा फिरत होतो, तिथून कोणाला तरी उठवले गेले होते. आपल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

चढावर मला सारखी आठवत होती ती माझ्या वडिलांची सायकल. विदर्भातल्या आमच्या गावात साठच्या दशकात बाबांनी जुनी सायकल घेतली. ती घेता आली, पण पाटलाच्या वाड्यासमोरून चालवता येत नव्हती. वाडा आला की खाली उतरायचे, हँडल धरून मान खाली घालून चालायचे आणि वळण ओलांडल्यावर पुन्हा बसायचे. बाबा नागपूरला नोकरीला लागले तेव्हा पहिल्या दिवशी घरापासून कामावर आणि परत, कुठेही न उतरता गेले. ही गोष्ट ते म्हातारपणीही सांगायचे. आम्हा भावंडांना वाटायचे, यात सांगण्यासारखे काय आहे?

बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' तुम्ही वाचले असेल. त्यातल्या अनेक आठवणी प्रवासाच्याच आहेत. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहान भीमरावाला आणि त्याच्या सोबतच्या मुलांना बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडे कबूल करून आणि गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर ती मिळाली. शिदोरी भरपूर होती, पण प्यायला पाणी मिळाले नाही म्हणून मुले उपाशी झोपली. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी नकार दिला, तेव्हा टांगा हाकणे न येणाऱ्या आपल्याच माणसाने तो हाकला आणि अपघातात बाबासाहेबांचा पाय मोडला. १९३४ साली सहकाऱ्यांबरोबर ते वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून गर्दी अंगावर आली, आणि शेवटी पाण्याला हात लावू नये यासाठी शिपाई सोबत देऊन त्यांना किल्ला दाखवला गेला. ही सहल होती, सभा किंवा सत्याग्रह नव्हे. म्हणजे आपल्याला केवळ काम आणि पाणीच नाकारले गेले नव्हते, हौसेने फिरणेही नाकारले गेले होते.

माझे पाणी घाटाच्या शेवटच्या टप्प्यात संपले. एक म्हातारे गृहस्थ पिकअप घेऊन वळणावर थांबले होते. मी बाटली दाखवली. त्यांनी आपल्या कॅनमधून ती भरून दिली, दुसरीही मागून घेतली आणि एवढेच म्हणाले, "शेवटचा मैल कठीण आहे." नाव विचारले नाही. आदल्या दिवशी लेडव्हिलमध्ये नाश्त्याला भेटलेल्या एका मराठी कुटुंबाने मात्र तीन मिनिटांत गाव विचारले, मग "पूर्ण नाव?" हा प्रश्न कशासाठी असतो हे तुम्हाला आणि मला चांगले ठाऊक आहे.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, काकांना उत्तर मिळाले. बाबांना जिथे उतरावे लागले, तिथून मुलगा बारा हजार फूट चढला, हीच समाजाची कमाई. खिंडीत पोहोचल्यावर मीही स्वतःला हेच सांगत होतो. पण ते उत्तर अर्धे होते आणि मला ते माहीत होते.

निघण्याच्या तीन आठवडे आधी नागपूरहून ताईचा मेसेज आला होता. भाचीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, फीचा पहिला हप्ता भरायचा होता. मी लिहिले, "पुढच्या महिन्यात बघतो." अडचण अशी काही नव्हती. त्याच महिन्यात ही सायकल घेतली होती, एवढेच. ताईचे शिक्षण बारावीला थांबले, कारण घरात एकाच्याच फीची सोय होती आणि ती माझ्यासाठी झाली. माझे एम.टेक. त्यावर उभे आहे. 'पे बॅक टू सोसायटी' या विषयावर आपल्याच कार्यक्रमात बोललेला माणूस मी. समाजाचे देणे मला दिसत होते, घरातले दिसले नाही.

आनंदाबद्दल भगवंतांचे म्हणणे काय? सहा वर्षे देह झिजवल्यावर सिद्धार्थाला लहानपणी जांभळाच्या झाडाखाली अनुभवलेले शांत सुख आठवले. त्याने स्वतःला विचारले, जे सुख वासनेतून आणि अकुशलातून आलेले नाही, त्याला मी का भ्यावे? तिथून मार्ग सापडला. म्हणजे सुखाची भीती बाळगणे हा आपला धम्म नाही.

पण गृहस्थासाठी भगवंतांनी अनाथपिंडिकाला चार सुखे सांगितली आहेत. अत्थि सुख, म्हणजे कष्टाने व सन्मार्गाने मिळवलेले आपल्याजवळ असण्याचे. भोग सुख, म्हणजे ते उपभोगण्याचे आणि त्यातून पुण्यकर्म करण्याचे. अनण सुख, म्हणजे कोणाचे देणे न लागण्याचे. आणि अनवज्ज सुख, म्हणजे काया, वाचा, मनाने निर्दोष असण्याचे. पहिली तिन्ही मिळून शेवटच्याच्या सोळाव्या हिश्शाचीही नाहीत, असे ते म्हणतात. उपभोग इथे नाकारलेला नाही, त्याला हक्काची जागा दिली आहे. मी मात्र दुसऱ्या सुखावर थांबलो होतो. तिसरे बाकी होते, म्हणून चौथे लाभत नव्हते.

खिंडीत फोनला रेंज नव्हती. पलीकडे अ‍ॅस्पेनपर्यंत वीसेक मैलांचा उतार. तो वाऱ्यासारखा संपतो, सायकलस्वार त्यासाठीच घाट चढतो. खाली पोहोचून मी ताईला फोन लावला. तिने फी भरली होती, बचत गटातून व्याजाने पैसे उचलून. म्हणाली, "अरे, झालं काम. तू सायकल जपून चालव." रागावली असती तर बरे वाटले असते. मी त्याच संध्याकाळी व्याजासकट पैसे पाठवले आणि पुढच्या तीन वर्षांच्या फीची तारीखवार सोय केली. कर्ज फिटले. तीन आठवडे ती कोणाकोणापुढे हात पसरत फिरली असेल, ते मात्र फिटत नाही.

काका, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. आनंद घेतल्याने समाजाशी द्रोह होत नाही. आपल्या लेकरांनी डोंगर चढावेत, चित्रे काढावीत, उगाच हिंडावे. तेही बाबासाहेबांच्या लढ्याचे फळ आहे आणि ते घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. फक्त निघण्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावे, माझ्या या आनंदाचे भाडे दुसरे कोणी भरत नाही ना? उत्तर 'नाही' असेल तर निर्धास्त निघा. 'हो' असेल तर आधी ते चुकते करा, सायकल कुठे पळून जात नाही.

बाबांना दुसऱ्याच्या वाड्यासमोर सायकलवरून उतरावे लागले. मला कोणी उतरवत नाही. म्हणूनच कुठे उतरून थांबायचे, हे मला स्वतःलाच कळायला हवे होते.

पुढच्या उन्हाळ्यात भाचीच्या पहिल्या वर्षाचा निकाल लागल्यावर पुन्हा तो घाट चढायचा विचार आहे. कोणाला सोबत यायचे असेल तर रविवारी वंदनेनंतर भेटा.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम, नमो बुद्धाय.