स्वागत झालं, पुढे काय?

"तिला कुणी येऊ नको म्हटलंय का, बाई?" आमच्या ख्रिस्ती मंडळीतले एक वडीलधारे पंच मला दर वेळी हेच विचारतात. मी तेलंगणातल्या बोथला मराठी शाळेत हयात घालवली, त्यामुळे निवृत्तीनंतरही गावाची बाईच राहिले आहे. पंचांचं म्हणणं खोटं नाही. आमच्या या तृतीयपंथी बहिणीला दारात कुणीच अडवलेलं नाही. उपासनेला दोन सतरंज्या अंथरतात, उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. ती दोन्हींवर बसत नाही. दाराशी, चपलांच्या शेजारी बसते. तिला तिथे कुणी बसवलं नाही, तसं आत या असंही कुणी म्हटलं नाही.

कापणीच्या सणाला जो तो शेतातलं काहीतरी आणतो. कुणी कापूस, कुणी तूर, कुणी भोपळा. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या पेटीत जातात. गेल्या खेपेला तिने कोंबडी आणली होती. पाय सुतळीने बांधलेले, चांगली गुबगुबीत कोंबडी. एरवी कोंबडी म्हटली की बोलीवर बोली चढते. तिची कोंबडी वर धरली आणि सगळे एकदम गप्प झाले. शेवटी पास्टरगारूंच्या बायकोने "दोनशे" म्हटलं, मग कुठे दोघाचौघांना कंठ फुटला. चपलांपाशी बसलेली ती खाली मान घालून सुतळीचा उरलेला तुकडा बोटाला गुंडाळत होती. स्वागत आणि कदर यांत केवढं अंतर असतं ते तेव्हा कळलं. येऊ देण्यात आपलं काही जात नाही. कुणी आणलेलं घ्यायचं म्हटलं की मात्र हात आखडतो.

सरकारलाही तिच्यासारख्यांना आपलं म्हणायला काळ लागलाच. बोथ निजामाच्या मुलखात होतं, तेव्हा 1919 साली म्हणजे 1329 फसलीत संस्थानाने एक कायदा केला. अशा लोकांची नोंदवही ठेवायची आणि रस्त्यात बायकी पेहरावात किंवा नाचता-गाताना दिसले की वॉरंटशिवाय धरायचं. निजाम गेला, आंध्र झालं, तेलंगणा झालं, तरी कायदा पुस्तकात तसाच. जुलै 2023मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. त्याआधी सप्टेंबर 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377चा फास सोडवला होता.

चर्चमधूनही कुणी बोललं नाही असं नाही. 2013च्या डिसेंबरात त्याच न्यायालयाने 377 कायम ठेवलं, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी समलिंगी माणसांना चर्च गुन्हेगार मानत नाही, असं जाहीरपणे सांगितलं. नागपूरची नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया या विषयावर मंडळ्यांशी बोलत आली आहे. पण 'गुन्हेगार नाही' आणि 'आमची आहे' या दोन्हींत पुष्कळ पायऱ्या आहेत.

पंच लेवीय काढतात, रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय काढतात. ती वचनं शास्त्रात आहेत, मी नाकारत नाही. माझं म्हणणं एवढंच की शास्त्र तिथेच संपत नाही. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात षंढाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही. यशयाच्या छपन्नाव्या अध्यायात त्यालाच देवाच्या घरात पुत्रकन्यांहून थोर नाव मिळतं. आणि प्रेषितांच्या कृत्यांत गाझ्याच्या वाटेवर कूशी षंढ फिलिप्पाला विचारतो, की मला बाप्तिस्मा घ्यायला आता कशाची आडकाठी आहे? फिलिप्प पंचसभा बोलावत नाही. रथातून उतरतो आणि दोघं पाण्यात जातात.

पंचांना हे पटत नाही. तेव्हा मी त्यांना घरचं उदाहरण देते. कर्नेल्याच्या घरी परराष्ट्रीयांवर आत्मा उतरलेला पेत्राने डोळ्यांनी पाहिला, म्हणून यरुशलेमेतल्या वडिलांना शास्त्र पुन्हा वाचावं लागलं, आणि सुंता न झालेल्यांना मंडळीत जागा मिळाली. ती जागा मिळाली नसती तर आपण आज कुठे असतो? आपले आजे-पणजे वेशीबाहेरचे. त्यांना पाणवठा बंद, देऊळ बंद. बाहेरचा माणूस आत घेणं हा ज्यांच्या घराण्याचा इतिहास, त्यांनीच आता दारात मोजमाप करत बसावं? रेव्हरंड टिळकांनी 1917 साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' भरवला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र बसत. आमच्या बहिणीचा तर बाप्तिस्मा झालेला आहे.

मला तिच्यावर दया दाखवायची नाही आणि तिचं कौतुकही करायचं नाही. आजारी म्हाताऱ्यांच्या उशाशी ती रात्र रात्र बसते. प्रार्थनेत कुणाचं नाव घ्यायचं राहिलं तर तीच आठवण करते. मंडळी तिच्याकडून घेतच आली आहे, फक्त तसं कबूल करत नाही.

म्हणून पुढच्या पंचसभेत मी एकच ठराव मांडणार आहे. शास्त्रवाचनाच्या यादीत तिचं नाव, रविवार ठरवून. वाद होईल. होऊ दे. यरुशलेमेतही झालाच होता.