सूर्य उगवल्यावर
(निर्गम २२ : २, ३)



आंब्याचा व काजूचा मोसम आला म्हणजे मालवण तालुक्यांत, कट्टा व त्याच्या आसपासच्या वाड्यांत, राखणीचा विषय घरोघर निघतो. घरधनी मुंबईस, घराला कुलूप, मांगरांत काजूच्या बियांचीं पोतीं; आणि जांभ्या दगडाचा गडगा ओलांडावयास चोराला कितीसा वेळ लागणार! अशा वेळीं ख्रिस्ती मनुष्याच्या मनांत प्रश्न येतो कीं, घरांत चोर शिरला तर मीं कोयता उचलावा काय? कित्येक म्हणतात, प्रभूनें दुसरा गाल पुढें करावयास सांगितलें आहे, तेव्हां हात जोडून बसावें. कित्येक म्हणतात, घर माझें, माल माझा. शिरेल तो मरेल. पवित्र शास्त्र या दोहोंपैकीं कोणतेंहि उत्तर देत नाहीं.

वर दिलेल्या वचनाचा भावार्थ असा: चोर घर फोडीत असतां सांपडला आणि मार बसून मेला, तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाहीं. परंतु सूर्य उगवल्यावर तसें घडलें, तर दोष आहे. चोरानें भरपाई करून द्यावी. चोर तोच, घर तेंच, माल तोच. मग सूर्यानें एवढा भेद कां पडावा?

पहिली गोष्ट, अंधार. त्या काळीं भिंती मातीच्या असत व चोर त्या फोडून आंत शिरे. निजलेला घरधनी दचकून उठतो. आलेला एक आहे कीं चार, त्याच्या हातीं शस्त्र आहे कीं नाहीं, तो पोत्यासाठीं आला कीं जिवासाठीं, हें त्याला दिसत नाहीं. बायकामुलें मागें आहेत. अशा घाबऱ्या क्षणीं पडलेला घाव देव खून म्हणून मोजीत नाहीं. देवाला आपल्या भयाची जाणीव आहे.

दुसरी गोष्ट, उजेड. सूर्य वर आला कीं चोराचें तोंड दिसतें. शेजाऱ्याला हांक मारतां येते, पंचांपुढें नेतां येतें, भरपाई मागतां येते. आतां मारणें हें भयाचें काम राहिलें नाहीं. तें रागाचें काम झालें. येथें नियमशास्त्र चोराच्या बाजूस उभें राहतें. त्याची चोरी तें झांकीत नाहीं, परंतु त्याचा जीव पोत्याच्या किंमतीला विकूं देत नाहीं.

आपल्या देशाचा कायदाहि याच वाटेनें चालतो, हें लक्षांत घ्या. १८६० सालच्या दंड संहितेंत स्वसंरक्षणाचा हक्क होता. १ जुलै २०२४ पासून चालूं झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तो कलम ३४ ते ४४ यांमध्यें सांगितला आहे. दरोडा, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं केलेली घरफोडी, राहत्या घरास लावलेली आग, अशा प्रसंगीं प्रतिकार करतांना प्राण गेला तरी घरधन्यास कायद्याचें संरक्षण मिळूं शकतें. परंतु कलम ३७ मर्यादा घालतें. बचावास लागेल त्याहून अधिक इजा करूं नये. आणि सरकारी मदत घेण्यास वेळ असेल तर हा हक्क उरत नाहीं. उघड्या बागेंतून चार नारळ नेणारास जिवें मारण्याची मुभा कोणताहि कायदा देत नाहीं.

तिसरी गोष्ट, अफवा. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, भर दिवसां, भिक्षेकरी नाथपंथी समाजाच्या पांच माणसांना मुलें पळविणारे समजून जमावानें ठार केलें. १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं पालघर जिल्ह्यांतील गडचिंचले येथें दोन साधु व त्यांचा चालक चोरांच्या अफवेनें असेच मारले गेले. राईनपाड्यास सूर्य डोक्यावर होता. तोंडें दिसत होतीं, नांवगांव विचारतां येत होतें. गडचिंचल्यास रात्र होती खरी, पण ते प्रवासी कोणाच्या घरांत शिरले नव्हते. ते रस्त्यावर होते. आठ मृत देहांच्या मागें कोणाचें घर वांचलें? बंधूंनो, राखणदारांचा जमाव झाला कीं प्रत्येकाला वाटतें, घाव दुसऱ्याचा आहे. देवापुढें मात्र प्रत्येक हात निराळा मोजला जाईल.

रानडुकरांसाठीं कुंपणांत वीज सोडणारांनींहि हेंच ध्यानांत धरावें. अशा तारांनीं महाराष्ट्रांत माणसें मेलीं आहेत. त्या तारेला रात्र आणि दिवस कळत नाहीं. चोर कोण व गुरें शोधीत आलेलें शेजाऱ्याचें पोर कोण, हेंहि कळत नाहीं.

मग दुसऱ्या गालाचें काय? तो गाल माझा आहे, म्हणून तो मीं पुढें करावा. माझ्या लेकराचा गाल पुढें करण्याचा अधिकार मला दिलेला नाहीं. त्याला पाठीशीं घालणें हेंच प्रीतीचें काम आहे. उलट, अंगरखा मागणाराला झगाहि द्यावा अशी प्रभूची आज्ञा आहे, ती मालाविषयीं आहे. सारांश, जिवासाठीं आडवें व्हावें. मालासाठीं जीव घेऊं नये.

दावीदाची गोष्ट आठवा (१ शमुवेल २५). नाबालाची मेंढरें त्यानें राखलीं, पण मोबदला मिळाला नाहीं, म्हणून तो चारशें माणसें घेऊन तलवार बांधून निघाला. अबीगईल भाकरी घेऊन आडवी आली आणि त्याचा हात रक्तापासून राहिला. पुढें राजा झाल्यावर तें रक्त मनाला लागूं नये, हें त्या बाईला त्याच्यापेक्षां अधिक कळत होतें. भगिनींनो, घरचा पुरुष रागानें कोयता शोधूं लागेल तेव्हां तुम्ही अबीगईल व्हा.

उपदेशक बंधूंनीं आपापल्या मंडळीस इतकें शिकवावें. राखणीला दोघांनीं जावें, दिवा जवळ असावा. आधीं मोठ्यानें हांक मारावी. पळणाराच्या पाठीस लागून घाव घालूं नये. पोलीस पाटलास कळवावें, ११२ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. सांपडलेल्यास बांधावें लागलें तर बांधावें, पण त्याला पाणी द्यावें, आणि पोलीस येईपर्यंत जमावाच्या व त्याच्यामध्यें स्वतः उभें राहावें.

चोरीस गेलेले काजू पुढल्या वर्षीं त्याच झाडाला पुन्हां धरतील. मारलेला मनुष्य पुन्हां धरत नाहीं. प्रभु आपल्या घरांचें रक्षण करो, आणि आपल्या हातांचेंहि करो. आमेन.